यदृच्छेच्या शोधात : चिठ्ठ्यांपासून जावापर्यंत

संगणकाची आज्ञावली लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्या विद्यार्थ्यांना बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच एक स्वाध्याय मिळतो. जावा या भाषेत अशी आज्ञावली लिहा, की जी दर वेळी आठ चिन्हांची एक नवी, कोणताही अर्थ वा क्रम नसलेली माला छापील. स्वाध्याय सोपा आहे. रोमन लिपीतील लहान व मोठी मिळून ५२ अक्षरे आणि १० अंक अशी ६२ चिन्हे ओळीने लिहून घ्यायची. ० ते ६१ यांपैकी कोणतीही एक संख्या यंत्राकडून मागायची, त्या क्रमांकाचे चिन्ह उचलायचे आणि हेच आठ वेळा करायचे. पाच-सहा ओळींत काम संपते.

पण एखादा चौकस विद्यार्थी येथे थांबून विचारतो, की संगणक तर सांगितल्याप्रमाणेच वागणारे यंत्र आहे. त्याच आज्ञा आणि तीच माहिती दिली, तर उत्तरही तेच यायला हवे. मग 'कोणतीही एक संख्या' हे आज्ञाधारक यंत्र आणते कोठून? या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो माहीत नसल्यामुळे अनेकांचे पैसे आणि गुपिते गेली आहेत. म्हणून या स्वाध्यायाच्या निमित्ताने तो थोडक्यात पाहू या.

प्रथम शब्दाचा अर्थ ठरवू. ज्या क्रमात प्रत्येक अंकाला सारखीच संधी असते आणि आधीचे अंक कितीही पाहिले तरी पुढचा सांगता येत नाही, त्या क्रमाला आपण यादृच्छिक म्हणू. दोन्ही अटी महत्त्वाच्या आहेत. ०, १, २ … ९, पुन्हा ०, १, २ … या क्रमात पहिली अट पुरी होते, दुसरी मुळीच होत नाही.

फासे आणि चिठ्ठ्या

संख्याशास्त्रज्ञांना यादृच्छिक संख्यांची गरज भासली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. आपली सूत्रे खरी आहेत का, हे प्रयोगाने तपासायचे तर फार मोठ्या प्रमाणावर 'नशीब' हाताशी हवे होते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९० मध्ये अशा प्रयोगांसाठी खास फासे सुचवले. त्यानंतर थोड्याच वर्षांत वेल्डन या प्राणिशास्त्रज्ञाने बारा फासे एकदम टाकण्याचा प्रयोग २६,३०६ वेळा केला. म्हणजे एकूण ३,१५,६७२ फासे पडले. त्यांपैकी एक तृतीयांश, म्हणजे १,०५,२२४ फाशांवर ५ किंवा ६ यायला हवे होते. प्रत्यक्षात आले १,०६,६०२. फरक दिसायला लहान आहे. पण कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये आपल्या प्रसिद्ध 'काय-वर्ग' कसोटीने दाखवून दिले, की निर्दोष फाशांकडून एवढा फरक केवळ योगायोगाने पडणे जवळजवळ अशक्य आहे. फाशावर ठिपके कोरलेले असतात. पाच व सहा ठिपक्यांच्या बाजू थोड्या हलक्या होतात आणि वर येण्याकडे त्यांचा किंचित कल राहतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

चिठ्ठ्यांचेही असेच. चिठ्ठ्या टोपलीत टाकून हलवल्या म्हणजे न्याय झाला असे आपण धरून चालतो. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांची सक्तीची भरती कोणत्या क्रमाने करायची, हे अशाच चिठ्ठ्यांनी ठरले. वर्षातील ३६६ तारखा ३६६ कुप्यांत घालून एकेक कुपी काढली गेली. ज्याची जन्मतारीख आधी निघाली, त्याला आधी बोलावणे. सर्व महिन्यांना सारखीच संधी असती, तर प्रत्येक महिन्याचा सरासरी क्रमांक १८३.५ च्या आसपास यायला हवा होता. जानेवारीचा आला २०१, आणि डिसेंबरचा केवळ १२१. कुप्या महिनावार भरल्या होत्या आणि त्या पुरेशा मिसळल्या गेल्या नव्हत्या. वर्षाच्या अखेरीस जन्मलेल्या मुलांना युद्धावर जाण्याची शक्यता त्यामुळे वाढली. 'नीट मिसळणे' ही वाटते तेवढी सोपी गोष्ट नाही, आणि तिच्यातील चूक कोणाच्या तरी माथी बसते.

अंकांचे पुस्तक

दर वेळी फासे टाकण्यापेक्षा, एकदाच चांगले अंक मिळवून ते छापून ठेवावेत, असा विचार पुढे आला. १९२७ मध्ये लंडनला एल. एच. सी. टिपेट यांनी ४१,६०० अंकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. जनगणनेच्या अहवालांतील आकड्यांमधून त्यांनी ते अंक उचलले होते. पानापानावर केवळ अंक, त्यांत क्रम नाही, सूत्र नाही. असे पुस्तक कोणी विकत का घ्यावे, असा प्रश्न पडेल. पण संशोधकांना ते हवेच होते.

१९३८-३९ मध्ये केंडॉल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. दहा समान भाग केलेली एक तबकडी वेगाने फिरवायची, अंधाऱ्या खोलीत मधूनच प्रकाशाचा लखलखाट करायचा आणि त्या क्षणी दिसेल तो अंक लिहून घ्यायचा. अशा तऱ्हेने त्यांनी एक लाख अंक मिळवले. अंक चांगले आहेत की नाहीत हे ठरवण्यासाठी त्यांनी चार कसोट्याही दिल्या : प्रत्येक अंक सारख्या वेळा येतो का, अंकांच्या जोड्या सारख्या वेळा येतात का, चार-चार अंकांच्या गटांत पुनरावृत्ती योग्य प्रमाणात होते का, आणि दोन शून्यांमधील अंतरे अपेक्षेप्रमाणे आहेत का. येथून यादृच्छिकता ही तपासून पाहण्याजोगी गोष्ट झाली.

याच काळात हे अंक भारतातही कामाला लागले. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्याला भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती. तेथे टिपेट यांच्या अंकांवरून नवी कोष्टके तयार झाली व ती १९३४ मध्ये 'सांख्य' या नियतकालिकात छापली गेली. पुढे पिकांच्या पाहणीत त्यांचा खरा उपयोग झाला. तोवर पिकाचा अंदाज गावकामगारांच्या नजरेवर, म्हणजे आणेवारीवर ठरत असे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० नंतर कृषी संशोधन परिषदेत असताना व्ही. जी. पानसे यांच्यासमवेत पीक-कापणीच्या प्रयोगांना शास्त्रीय बैठक दिली. या पद्धतीत गाव, त्यातील शेत आणि त्या शेतातील कापणीचा तुकडा हे तिन्ही यादृच्छिक अंकांनी ठरतात. शेताच्या कोपऱ्यापासून लांबीत किती पावले आणि रुंदीत किती पावले चालायचे, हेही कोष्टक सांगते. पाहणी करणाऱ्याने स्वतःच्या मनाने जागा निवडली, तर त्याचे पाय नकळत चांगल्या पिकाकडे वळतात. तो मोह टाळण्याचे काम हे निरर्थक दिसणारे अंक करत होते.

कोष्टकांची कमाल गाठली ती अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनने. विजेच्या स्पंदनांवर चालणाऱ्या यंत्राने मिळवलेले दहा लाख अंक त्यांनी १९५५ मध्ये पुस्तकरूपाने छापले. येथेही मौज अशी, की काही काळ चालल्यावर यंत्राच्या अंकांत किंचित कल दिसू लागला. मग प्रत्येक कार्डावरील अंकांत आधीच्या कार्डावरील अंक मिळवून, हातचा सोडून, ते पुन्हा 'मिसळावे' लागले.

फॉन नॉयमन यांचे 'पाप'

दुसऱ्या महायुद्धानंतर इलेक्ट्रॉनिक संगणक आले आणि अडचण बदलली. लॉस आलामॉस येथील शास्त्रज्ञांना अणुस्फोटातील न्यूट्रॉनांचे मार्ग शोधायचे होते. स्टॅनिस्लाव उलाम यांनी सुचवलेल्या 'माँटे कार्लो' पद्धतीत प्रत्येक न्यूट्रॉन कोठे वळेल हे यादृच्छिक अंकांनी ठरवायचे होते. संगणकाची गणिते वेगाने होत, पण कार्डांवरून अंक वाचायला फार वेळ लागे, आणि एनिॲक या यंत्राच्या स्मृतीत दहा अंकी संख्या मावत त्या केवळ वीस. लाखो अंकांचे कोष्टक ठेवणार कोठे?

जॉन फॉन नॉयमन यांनी उपाय काढला : अंक साठवायचे नाहीत, गणिताने तयार करायचे. एक चार अंकी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, वर्ग आठ अंकी मानून मधले चार अंक उचला. हीच पुढची संख्या. १२३४ चा वर्ग ०१५२२७५६, मधले अंक ५२२७. त्याचा वर्ग २७३२१५२९, मधले अंक ३२१५. मग ३३६२, मग ३०३०. दिसायला क्रम नाही. पण प्रत्येक संख्या आधीच्या संख्येने पूर्णपणे बांधलेली आहे. म्हणून अशा संख्यांना छद्म-यादृच्छिक म्हणतात. १९४९ मध्ये लॉस एंजेलिस येथील परिषदेत फॉन नॉयमन यांनी स्वतःच थट्टेने बजावले, की अंकगणिताने यदृच्छा निर्माण करू पाहणारा माणूस पापच करत असतो.

या पापाचे फळ लवकर दिसते. ६१०० पासून सुरुवात करून पाहा : २१००, ४१००, ८१०० आणि पुन्हा ६१००. ३७९२ चा वर्ग १,४३,७९,२६४. मधले अंक पुन्हा ३७९२! चार अंकी संख्या एकंदर दहा हजारच आहेत आणि प्रत्येकीची पुढची संख्या ठरलेली आहे. त्यामुळे दहा हजार पावलांच्या आत केव्हातरी आधीची संख्या परत येणारच, आणि तेथून चक्र सुरू होणार.

आपल्या वाचकांना येथे देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आठवले असतील. त्यांनी ६१७४ ही संख्या १९४९ सालीच मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा. सात पावलांच्या आत ६१७४ येते आणि तेथेच थांबते. दोन्हीकडे गणित एकाच स्वभावाचे आहे : मर्यादित संख्या, ठरलेला नियम आणि शेवटी अटळ चक्र. कापरेकरांना ज्या स्थिरतेचा आनंद झाला, तीच फॉन नॉयमन यांच्या पद्धतीतील डोकेदुखी होती.

गुणा, मिळवा, भागा

त्याच १९४९ मध्ये डी. एच. लेहमर यांनी अधिक भरवशाची रीत सांगितली. आधीच्या संख्येला एका ठरावीक संख्येने गुणायचे, दुसऱ्या ठरावीक संख्येने भागायचे आणि बाकी घ्यायची. पुढे गुणाकारानंतर एक संख्या मिळवण्याची सुधारणा झाली. वर्गात फळ्यावर करता येईल असे उदाहरण घेऊ : ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या. ७ पासून सुरुवात केली तर क्रम येतो : ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ आणि पुन्हा ७. ० ते १५ या सर्व संख्या प्रत्येकी एकदा आल्या. पण जरा निरखून पाहा : विषम, सम, विषम, सम … हा क्रम कोठेही मोडत नाही! संख्येचा वरचा भाग बरा मिसळला जातो, खालचा नाही.

हे अवगुण किती महाग पडतात, हे 'रँडू' या नावाच्या पद्धतीने दाखवले. १९६० च्या दशकात आयबीएमच्या संगणकांबरोबर ती जगभर पोहोचली. तिचा गुणक होता ६५,५३९ आणि भाजक २ चा ३१ वा घात. १९६८ मध्ये जॉर्ज मार्साग्लिया यांनी सिद्ध केले, की अशा पद्धतींनी मिळालेल्या संख्यांचे तीन-तीनचे गट घेऊन ते अवकाशात बिंदू म्हणून मांडले, तर ते बिंदू सर्वत्र विखुरत नाहीत. समांतर प्रतलांवर रांगेने बसतात. रँडूच्या बाबतीत ही प्रतले केवळ १५ निघाली. तिच्या भरवशावर केलेली अनेक संशोधने त्यामुळे संशयास्पद ठरली.

जावाच्या पोटात

आता पुन्हा आपल्या स्वाध्यायाकडे वळू. १९९६ च्या जानेवारीत जावाची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील 'रँडम' हा वर्ग लेहमर यांच्याच घराण्यातला आहे. गुणक २५,२१,४९,०३,९१७, मिळवायची संख्या ११, भाजक २ चा ४८ वा घात. युनिक्समध्ये आधीपासून वापरात असलेलेच हे आकडे. खालचा भाग नीट मिसळत नाही हा आपण फळ्यावर पाहिलेला दोष जावाच्या रचनाकारांना ठाऊक होता. म्हणून ४८ द्विमान अंकांपैकी वरचे जास्तीत जास्त ३२ च बाहेर दिले जातात.

१९९८ च्या आवृत्तीत आणखी एक सोय आली : '६२ पेक्षा लहान संख्या दे' असे सरळ मागता येऊ लागले. यात काय विशेष? समजा, एका फाशाने चार मुलांपैकी एकाची निवड करायची आहे. पडलेल्या संख्येला ४ ने भागून बाकी घेतली, तर १ आणि ५ या दोहोंची बाकी १ येते, २ आणि ६ यांची २; पण ३ ची आणि ४ ची बाकी प्रत्येकी एकदाच मिळते. दोन मुलांना दुप्पट संधी मिळाली. न्याय करायचा तर ५ किंवा ६ पडल्यास फासा पुन्हा टाकायला हवा. जावातील ती सोय आतून नेमके हेच करते. नवशिक्यांनी स्वतः बाकी काढण्याऐवजी तिचाच उपयोग करावा, तो यासाठी.

आता बीजाचा प्रश्न. पहिली संख्या, म्हणजे बीज, कोणीतरी द्यावेच लागते. तेच बीज दिले की तीच माला मिळते. विज्ञानातील प्रयोग पुन्हा करून पाहताना हा गुणच आहे. जावाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत, बीज दिले नाही तर यंत्र घड्याळातील मिलिसेकंदांचा आकडा बीज म्हणून घेई. आठ चिन्हांच्या माला एकूण किती? ६२ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २१८ लाख कोटी. पण माला कोणत्या दिवशी तयार झाली हे कळले, तर त्या दिवसातील मिलिसेकंद फक्त ८ कोटी ६४ लाख. चोराने २१८ लाख कोटी किल्ल्या कशाला लावाव्यात? ८ कोटी ६४ लाख लावून पाहणे हे संगणकाला किरकोळ काम आहे. पुढील आवृत्त्यांत बीज निवडण्याची रीत सुधारली, पण गुणाकार तोच राहिला. बाहेर आलेली ३२ द्विमान अंकांची एक पूर्ण संख्या हाती लागली, तर झाकलेल्या १६ अंकांच्या शक्यता केवळ ६५,५३६ उरतात. त्या तपासून पुढच्या संख्येशी जुळवल्या, की त्यानंतरची सारी माला उघडी पडते.

गुपिते फुटली ती अशी

ही भीती काल्पनिक नाही. १९९५ च्या सप्टेंबरात बर्कलीतील इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी नेटस्केपच्या सुरक्षित दळणवळणाची किल्ली शोधून दाखवली. सांकेतिक लिपी भक्कम होती. पण किल्लीचे बीज दिवसाची वेळ आणि संगणकावरील कामांचे दोन क्रमांक यांपासून बनवलेले होते. २००६ मध्ये डेबियन या संगणक-प्रणालीतील एका दुरुस्तीत बीजात विविधता आणणाऱ्या ओळी गळल्या. मे २००८ मध्ये हे उघडकीस आले, तेव्हा कळले की एका जातीच्या यंत्रावर एका लांबीच्या केवळ सुमारे ३२ हजार वेगवेगळ्या किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. जवळजवळ दोन वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण प्रत्येक किल्ली दिसायला अगदी यादृच्छिक होती. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइड दूरध्वनींवरील बीजाच्या अशाच दोषामुळे लोकांच्या बिटकॉइनची चोरी झाली.

या सर्व घटनांचा धडा एकच : दिसण्यावर जाऊ नये. केंडॉल-स्मिथ यांच्या कसोट्या अंक समप्रमाणात आहेत की नाहीत हे सांगतात. बीज चोराला ओळखता येईल की नाही, हे सांगत नाहीत. पीक-पाहणीला पहिली अट पुरते. गुप्तशब्दाला दुसरी अटही तितकीच काटेकोरपणे पाळावी लागते, कारण येथे समोर निसर्ग नसून हुशार माणूस आहे.

म्हणून जावामध्ये १९९७ पासूनच 'सिक्युअररँडम' हा वेगळा वर्ग आहे. तो बीज घेतो ते संगणक-प्रणालीकडून. आणि प्रणाली ते गोळा करते कळा दाबण्यामधील सूक्ष्म कालांतरे, चकतीच्या हालचालीतील विलंब अशा बाहेरच्या, आधी सांगता न येणाऱ्या घटनांमधून. लिनक्समध्ये ही व्यवस्था १९९४ मध्ये आली. म्हणजे एका अर्थी आपण पुन्हा फिरत्या तबकडीकडेच वळलो आहोत : यदृच्छा बाहेरून आणायची आणि गणिताने ती वाढवायची. विद्यार्थ्याच्या आज्ञावलीत त्यासाठी एका वर्गाच्या जागी दुसऱ्याचे नाव घालण्यापलीकडे फारसा बदल करावा लागत नाही.

वर्गात करता येण्याजोगे

अर्ध्या वर्गाला नाणे शंभर वेळा उडवून छाप-काटा लिहायला सांगावे. उरलेल्या अर्ध्यांनी न उडवता मनानेच शंभर वेळांचा क्रम लिहावा. कागद मिसळून शिक्षकांनी ओळखावेत. खऱ्या नाण्याच्या कागदावर सलग पाच छाप किंवा सलग पाच काटे बहुधा सापडतातच. मनाने लिहिणारा मात्र तीन-चारांनंतर घाबरून बदल करतो. नंतर फळ्यावर ५ ने गुणून ३ मिळवणारे यंत्र मांडावे आणि गुणक बदलून चक्र किती लांब होते ते मुलांना शोधू द्यावे. ५ ऐवजी ४ घेतला तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. संगणक उपलब्ध असेल तेथे 'रँडम'ला एकच बीज दोनदा देऊन दोन्ही माला शेजारी छापाव्यात. त्या तंतोतंत सारख्या आलेल्या पाहिल्या, की आज्ञाधारक यंत्राकडून यदृच्छा मागण्याचा अर्थ विद्यार्थ्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आणि मग हा विचारायला योग्य प्रश्न उरतो : ही माला खेळासाठी हवी आहे, पाहणीसाठी, की कुलपासाठी?